गाण्याची मालकी आणि अपरिग्रह

गाण्यावर मालकी सांगता येते का, हा प्रश्न ध्वनिमुद्रणापूर्वी क्वचितच उभा राहिला, कारण ध्वनी उमटतो आणि विरतो. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी या राखेचे नाते जोडले जाते. तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. राख राहिली, हत्यारे राहिली. ती हत्यारे घडवणारी माणसे एकमेकांना कशी साद घालत, पोराला निजवताना काही गुणगुणत की नाही, याचा मागमूस कोणत्याच थरात नाही. दगड जपून ठेवता येतो, वाटून घेता येतो, त्यावरून भांडता येते. आवाजाच्या बाबतीत यातले काहीच शक्य नव्हते.

भारतीय दर्शनांनी ध्वनीच्या या स्वभावावर फार बारकाईने विचार केला आहे. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मीमांसकांना हे मान्य नाही. जैमिनींच्या सूत्रांत पहिल्याच अध्यायात शब्द नित्य असल्याचा सिद्धांत मांडलेला आहे. उच्चाराने शब्द जन्मत नाही, आधीपासून असलेला शब्द प्रकट होतो, असे ते म्हणतात. मात्र हे नित्यत्व वर्णांना आणि शब्दांना आहे. ज्या आवाजातून शब्द प्रकट होतो, तो आवाज मीमांसकांच्याही लेखी क्षणिकच. एकच अभंग शंभर गळ्यांतून उमटला तरी अभंग एकच राहतो. गळे मात्र शंभर, आणि त्यातल्या कोणत्याही गळ्याचा तो क्षण पुन्हा येत नाही. गाण्याच्या मालकीचा आजचा गुंता उकलायला हा भेद फार उपयोगी पडतो. एकाच नावाखाली दोन वस्तू नांदत असतात. पुन्हा म्हणता येणारी रचना ही एक, आणि पुन्हा न येणारा आवाज ही दुसरी.

या दुसऱ्या वस्तूला शरीर मिळाले ते ध्वनिमुद्रणामुळे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि १९०८ मध्ये त्याच शहरात तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. तबकडी महाग होती, तिला वाजवणारे यंत्र त्याहून महाग. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत मुद्रित गाणे पोचले ते बहुतेक रेडिओवरून आणि देवळावरच्या किंवा लग्नमांडवातल्या कर्ण्यातून, म्हणजे कोणाच्याही मालकीचे न होता. मालकी खऱ्या अर्थाने गावात आणली कॅसेटने. १९८०च्या दशकात आळंदी-पंढरपूरच्या आणि जत्रांतल्या दुकानांत कीर्तनाच्या, भजनाच्या, लोकगीतांच्या कॅसेटी रचलेल्या असत. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते घरोघर पोचली ती याच मार्गाने. कॅसेट शेजाऱ्याला नेता येई, लेकीच्या सामानात देता येई, फीत तुटली तर चिकटवता येई, त्यावर दुसरे काही भरताही येई. पुढे मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड ‘भरून’ घेण्याची रीत पडली. त्यातला पुष्कळसा व्यवहार कायद्याच्या दृष्टीने चोरीचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. गीतकाराला आणि गायकाला त्यातून दमडीही मिळत नव्हती. तरी वस्तू हातात होती, आणि ती परत मागायला कोणी येत नव्हते.

स्ट्रीमिंगने ही स्थिती मुळातून पालटली. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. त्याआधी गाना, सावन, विंक यांसारख्या सेवा होत्याच. या सर्वांत गाण्याची फाइल कंपनीच्या संगणकावर असते आणि ऐकणाऱ्याच्या फोनपर्यंत ती तेवढ्यापुरती वाहत येते. ‘डाउनलोड’ केलेले गाणेही कुलूपबंद असते. ते त्याच अ‍ॅपमध्ये, वर्गणी चालू असेतो वाजते, आणि फोन ठरावीक मुदतीत इंटरनेटला जोडला नाही तर तेही थांबते. ध्वनिमुद्रणाची मालक असलेली कंपनी आणि ऐकवणारी कंपनी यांच्यातला करार संपला की कालपर्यंतचे गाणे आज यादीतून नाहीसे होते. कधी सेवाच बंद पडते. रेसो ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात थांबली, विंक म्युझिकही त्याच वर्षी गुंडाळली गेली. ऐकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे निवडून लावलेला क्रम, केलेल्या याद्या अशा वेळी टांगणीला लागतात. पुस्तकांच्या बाबतीत जगाला याचा प्रत्यय २००९ मध्ये आला होता. अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. हक्क नसलेल्या कोणी त्या विक्रीला ठेवल्या होत्या म्हणून. पैसे परत दिले गेले. घरातल्या फडताळातले पुस्तक असे रातोरात उचलता आले नसते. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात असा कायदा लागू आहे की, ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूची ‘विक्री’ म्हणून जाहिरात करता येत नाही.

परवाना आणि मालकी यांतला फरक भारतीय शास्त्रविचाराला नवा नाही. धर्मशास्त्र आणि न्याय या दोन्ही परंपरांनी ‘स्वत्व’ म्हणजे काय याचा दीर्घ काळ खल केला. एक प्रचलित व्याख्या अशी की, ज्या वस्तूचा विनियोग आपल्या इच्छेप्रमाणे करण्याची योग्यता आहे, तिच्यावर आपले स्वत्व आहे. नवद्वीपचे नैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी या व्याख्येवर मार्मिक आक्षेप घेतला. उपभोग हाच निकष मानला तर दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच. ते खाऊ नये असे शास्त्र सांगते, पण दुसऱ्याचे कोणते हे ठरवायला आधी स्वत्व काय ते ठाऊक असावे लागते. म्हणून स्वत्व हा उपभोगातून सिद्ध न होणारा एक स्वतंत्र पदार्थच मानावा, असे त्यांचे म्हणणे. मुळात हा वाद अन्न, गाय, जमीन यांच्याविषयीचा, पण स्ट्रीमिंगला तो तंतोतंत लागू पडतो. वर्गणी भरणारा मनसोक्त ऐकतो. रात्री ऐकतो, शेतात ऐकतो, तेच गाणे दहादा ऐकतो. उपभोगात उणीव नाही. तरीही ती वस्तू त्याला देता येत नाही, विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, नष्टसुद्धा करता येत नाही.

यांपैकी देता न येणे ही उणीव धर्मदृष्ट्या सर्वांत गंभीर आहे. आपले स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, अशी दानाची शास्त्रीय व्याख्या आहे. ज्यावर स्वत्व नाही ते दान करता येत नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या ठिकाणी मिळून सुमारे दोनशे लेणी आहेत, आणि त्यांतले शिलालेख प्रामुख्याने दानलेख आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी भोजनमंडप, कोणी शेत. काही रकमा बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून सोपवल्या. तीन दाते यवन आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांची आज जी ओळख उरली आहे ती त्यांनी काय दिले यावरूनच. संगीताच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्याने नातवाला आपल्या आवडीची तबकडी देणे हे याच जातीचे कृत्य होते, आकाराने लहान असले तरी. यादीची लिंक पाठवणे हे दान नव्हे. त्यात पाठवणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, आणि घेणाऱ्याचे काही होत नाही.

वारशाचेही तेच. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वरांची टीका कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातली, आणि महाराष्ट्रात वारसाहक्काचा विचार शतकानुशतके तिच्या आधाराने चालला. वडिलोपार्जित धनावर मुलाचे स्वत्व जन्मापासूनच असते, हा तिचा प्रसिद्ध सिद्धांत. स्ट्रीमिंगचे खाते याच्या अगदी उलट टोकाला आहे. ते व्यक्तीपुरते असते आणि व्यक्तीबरोबर संपते. विज्ञानेश्वरांचा दुसरा सिद्धांत मात्र इथे अधिक महत्त्वाचा आहे. स्वत्व शास्त्रामुळे निर्माण होत नाही, ते लौकिक आहे, असे ते म्हणतात. ज्यांना शास्त्र ठाऊकच नाही अशा सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, हा त्यांचा पुरावा. मालकीची जाणीव जर लोकव्यवहारातून घडत असेल, तर लोकव्यवहार बंद पडल्यावर ती जाणीवही विरणार. ज्या पिढीने गाणे कधी उसने दिले-घेतले नाही, तिला आपण काही गमावले असे वाटण्याचे कारणच राहणार नाही. नुकसान झाले आणि नुकसानीची जाणीवही गेली, अशी ही स्थिती आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो धर्माच्याच बाजूने येतो. ईशावास्य उपनिषदाचा आरंभच असा आहे की हे सारे ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागाने भोगावे आणि कोणाच्या धनाचा लोभ धरू नये. पतंजलींनी अपरिग्रहाला यमांत स्थान दिले. मग कपाटभर तबकड्या साठवण्यापेक्षा, जवळ काहीच न ठेवता ऐकणे हे अधिक निर्लोभ नव्हे काय? आक्षेप वरवर पटतो. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची जी व्याख्या केली ती वस्तूंच्या संख्येवरून नाही. मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह असे ते सांगतात. या कसोटीवर, ट्रंकेत वीस कॅसेटी ठेवून त्या मनापासून ऐकणारा माणूस कमी परिग्रही असू शकतो, आणि जवळ एकही वस्तू नसताना दहा कोटींहून अधिक गाण्यांच्या साठ्यावर एकामागून एक उड्या मारणारा अधिक. शिवाय अपरिग्रह हा स्वतः घ्यायचा असतो. दुसऱ्याने करारातल्या बारीक अक्षरांत लादलेली मालकीशून्यता व्रत ठरत नाही. आणि स्ट्रीमिंगमध्ये मालकी नाहीशी झालेली नसतेच. ती गावोगावच्या लाखो घरांतून निघून मोजक्या कंपन्यांकडे गोळा झालेली असते.

खऱ्या अपरिग्रहाने गाणे कसे जपले जाते, हे वारकरी परंपरेत पाहायला मिळते. अखंड हरिनाम सप्ताहात काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. गावकरी पहाऱ्याच्या वेळा वाटून घेतात. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो आणि बाजूला होतो. वीणा त्याची नाही, पण त्याच्या पहाऱ्यात तिची संपूर्ण जबाबदारी त्याची. सप्ताह लोकवर्गणीतून होतो, आणि वर्गणी देणारा तिथे ऐकणारा, म्हणणारा, टाळ धरणारा, पंगतीत वाढणारा असा सर्व काही असतो. अ‍ॅपची वर्गणी त्याला फक्त ऐकणारा करते. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारे संताचे नाव हेही मालकीचे चिन्ह नाही. हे कोणी म्हटले, एवढेच ते सांगते; हे कोणी म्हणावे यावर ते कसलीही अट घालत नाही.

बोरीच्या आसपासचा मुलूख या विचाराच्या खुणांनी भरलेला आहे. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. त्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला असे परंपरा मानते. आळे येथे रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर आळे येथे निवर्तला, अशी श्रद्धा आहे. ही कथा चमत्काराची म्हणून सांगितली जाते, परंतु तिचा आशय मालकीचा आहे. वेद अमुक वर्णाच्याच कंठात राहावेत, इतरांच्या कानांवरही पडू नयेत, हा दावा त्या कथेत मोडून पडतो. आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या त्या प्रसंगाची परंपरा दोन अंगांनी सांगितली जाते. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे भाविक म्हणतात. अभंग लोकांच्या कंठात होते म्हणून ते बुडाले नाहीत, असे इतर म्हणतात. दुसरे स्पष्टीकरण या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. रचना कंठात असेल तर प्रत नष्ट झाल्याने ती नष्ट होत नाही, आणि तिला कोणी कुलूपही लावू शकत नाही.

तरीही कंठावर सगळा भार टाकता येत नाही. परंपरेने सर्वत्र खुलेपणाच जपला, असेही नाही. घराणेदार गवयांनी चिजा जिवापाड राखल्या. शिष्यालाही त्या वर्षानुवर्षे मिळत नसत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या उस्तादांकडून त्या मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा अनेकांना तो घराण्याच्या ठेव्यावरचा दरोडा वाटला. आज त्याच पुस्तकांमुळे कोणत्याही घराण्यात न जन्मलेला विद्यार्थी शिकू शकतो. स्ट्रीमिंगच्या बाजूने हेच सर्वांत मोठे पुण्य मांडावे लागेल. जुन्या काळी एखाद्या खेड्यातल्या मुलीला केसरबाई केरकरांचा किंवा मोगूबाई कुर्डीकरांचा स्वर कानी पडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. आज ती मुलगी फोन उघडून ऐकते. ऐकण्याचा अधिकार जन्मावर अवलंबून न राहणे ही आळ्याच्या समाधीला शोभणारीच गोष्ट आहे, आणि मालकीच्या आठवणीने हळवे होताना तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

कायद्यानेही धर्मकार्यातल्या गाण्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे म्हणणे किंवा ध्वनिमुद्रण वाजवणे हे हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही त्यात येतात. म्हणून भजनी मंडळाने एखाद्या सिनेगीताच्या चालीवर अभंग बसवला आणि देवळात म्हटला, तर तिथे कोणाचा दावा चालत नाही. त्याच भजनाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की त्या मोकळिकीचा आधार सुटतो. चाल ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा तिच्या मालकाच्या वतीने हक्क सांगू शकते.

आता आवाजाकडे वळावे लागते, कारण रचना आणि आवाज यांतला भेद खरा टोचतो तो इथे. अभंग, ओवी, गवळण, आरती ही सारी पुन्हा म्हणता येतात. एखाद्या सेवेने ती यादीतून काढली तरी देवळातल्या काकड्याचे काही अडत नाही. परंतु नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची लावणी पुन्हा म्हणता येत नाही. लावणीचे शब्द दुसरी कोणीही म्हणू शकेल, तो आवाज म्हणू शकणार नाही. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या पिढीच्या फडांतले आणि तालुक्यातल्या कितीतरी भजनी बुवांचे, शाहिरांचे, कीर्तनकारांचे आवाज जिथे उरले असतील तिथे ते कॅसेटींवरच उरले असणार. कोणत्याही मोठ्या सेवेच्या यादीत ते सर्व येणार नाहीत, कारण त्यांच्यासाठी करार करणारी कंपनीच नाही. दहा कोटी गाण्यांच्या साठ्यात आपल्या गावचा बुवा नाही, हे लक्षात यायला वेळ लागतो, कारण यादी कधी संपतच नाही.

क्षणिक आवाजाला टिकाव फक्त प्रतीने येतो, आणि ती प्रत कोणाच्या तरी स्वत्वाची असावी लागते. संतपरंपरेचा अपरिग्रह रचनेला पुरतो. आवाजाला तो पुरत नाही. तिथे विश्वस्ताची वृत्ती हवी, म्हणजे प्रत जवळ ठेवायची आणि पहाऱ्यासारखी पुढच्याच्या हाती द्यायची. कायदाही हे गृहीत धरतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण, त्यातल्या शब्दांवर आणि चालीवर कोणाचा वेगळा हक्क उरला नसेल तर, १ जानेवारी २०२१ पासून सर्वांचे झाले आहे. पण ते सर्वांचे होण्यासाठी निदान एकाकडे तरी प्रत असायला हवी. करारातून ऐकलेल्या गाण्याची मुदत संपते तेव्हा ऐकणाऱ्याकडे काहीच उरलेले नसते, म्हणून त्याच्यापुरते ते गाणे कधीच लोकांचे होत नाही. कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय लेप दमटपणाने आणि बुरशीने खराब होतो, आणि ती वाजवणारी यंत्रे आता दुरुस्तीलाही मिळेनाशी झाली आहेत. ज्या घरांत, देवळांत आणि भजनी मंडळांत गावच्या माणसांच्या आवाजाच्या कॅसेटी अजून पडून आहेत, त्यांनी त्या यंदाच्या सप्ताहाआधी उतरवून घ्याव्यात, त्यांवर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहावे, आणि एक प्रत गावाच्या ग्रंथालयात, एक देवळात आणि एक घरात ठेवावी.